चित्र रुंद, खुर्ची अरुंद

कंपन्यांना आपल्या सोयीची भारी काळजी! टीव्हीचा पडदा चार रुंद, तीन उंच असा सुखाने नांदत होता. त्यांनी तो सोळा-नऊचा केला. १९८७ची ‘रामायण’ मालिका २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा लागली, तेव्हा मुंबई असो की राणीसावरगाव, जिथे चित्र पडदाभर ताणले तिथे वनवासी राम एक तृतीयांश रुंद झाला. चौदा वर्षे कंदमुळे खाऊन कोणी जाड होतो का हो? बरे, न ताणता पडदा भरायचा तर वरखाली मिळून पाव चित्र कापतात. वरून रावणाचा मुकुट गेला, खालून रामाच्या पादुका! आणि विमानकंपन्या? त्यांनी दोन खुर्च्यांमधली जागाच आटवली. अहो, चित्र होते तसे ठेवा, बाजूच्या काळ्या पट्ट्या आम्ही सोसू. जागा वाढवायचीच हौस असेल, तर आमच्या गुडघ्यांपुढे वाढवा!