वीज वाचते ती प्रोसेसरच्या झोपेत

सर्व्हरच्या वीजवापराचा प्रश्न मुळात त्याच्या रिकाम्या वेळेचा आहे. गूगलमधील अभियंते लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झले यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, सर्व्हर बहुतांश काळ १० ते ५० टक्के भारावरच चालतात. आणि चांगल्यापैकी कार्यक्षम सर्व्हरही जवळजवळ काहीच काम नसताना कमाल वापराच्या निम्मी वीज घेतो. त्यानंतर प्रोसेसर पुष्कळ सुधारले. पण त्यांच्यात आलेली झोपेची सोय वापरायची की नाही, हे मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टीमच्या मांडणीवर ठरते.

लिनक्समध्ये हे काम दोन यंत्रणा सांभाळतात. सीपीयूफ्रीक चालत्या कोरचा वेग ठरवते. रिकाम्या कोरला किती गाढ झोपवायचे, ते सीपीयूआयडल ठरवते. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येते, आणि खरी बचत तिथे होते, कारण काम करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. इथे नावांनी फसगत होते. इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर सक्रिय असताना 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर (वेगाचे धोरण) वेग तळाला बांधून ठेवत नाही, भारानुसार वरखाली करतो. नावाला बिचकून 'परफॉर्मन्स' निवडणे म्हणूनच अनेकदा अनाठायी ठरते.

झोपेचा हिशेब मायक्रोसेकंदांचा असतो. स्कायलेक पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरसाठी लिनक्सच्या तक्त्यात सी१ या उथळ झोपेच्या अवस्थेतून जागे व्हायला २ मायक्रोसेकंद धरले आहेत, तर गाढ सी६ मधून १३३. सी६ परवडण्यासाठी किमान ६०० मायक्रोसेकंदांची सलग विश्रांती लागते. झोपमोड वारंवार झाली की कोर उथळ अवस्थेतच राहतो. पूर्वी कर्नलचा ठोका रिकाम्या कोरलाही सेकंदाला १०० ते १००० वेळा उठवत असे. २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकामेपणी तो थांबवण्याची सोय झाली. आता झोपमोड बहुधा अॅप्लिकेशन करते. दर मिलिसेकंदाला रांग तपासणारा एक थ्रेड सेकंदाला हजार वेळा उठतो. असे दहा थ्रेड दहा कोरांवर विखुरले तर संपूर्ण प्रोसेसरला गाढ झोपेची संधीच मिळत नाही, कारण त्यासाठी सगळे कोर एकाच वेळी झोपावे लागतात. पॉवरटॉप हे साधन चालवले की असे थ्रेड नावानिशी सापडतात. घटना घडेपर्यंत थांबणारी रचना, म्हणजे ईपोल, हा त्यावरचा उपाय आहे.

प्रतिसादाला उशीर होईल ही भीती काही कामांपुरती रास्त आहे. मात्र एका डेटाबेससाठी निवडलेले, ट्यून्ड या लिनक्स सेवेचे 'लेटन्सी-परफॉर्मन्स' प्रोफाइल सगळ्या सर्व्हरवर लावले, तर सर्वांचीच गाढ झोप बंद होते. उशिराची मर्यादा कर्नलकडे ठरावीक कोरांपुरतीही नोंदवता येते. बाकीच्यांना मोकळे सोडावे. बायोस 'कमाल कार्यक्षमता' या स्थितीत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीममधले बरेच बदल निष्फळ ठरतात; त्यामुळे सुरुवात तिथून करावी. व्हर्च्युअल मशीन असल्यास बदल यजमान सर्व्हरवर करायचे असतात.

मोजमापाशिवाय यातले काहीच करू नये. टर्बोस्टॅट हे साधन प्रत्येक कोर सी६ मध्ये किती टक्के वेळ होता आणि प्रोसेसरने किती वॅट घेतले, ते दाखवते. पंखे, डिस्क आणि वीजपुरवठा त्यात धरलेले नसतात. संपूर्ण सर्व्हरचा आकडा व्यवस्थापन कंट्रोलरकडून आयपीएमआयद्वारे घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा, भार तोच ठेवावा आणि वॅटसोबत सर्वांत संथ १ टक्का विनंत्यांचा प्रतिसादवेळही नोंदवावा. सरासरी २० वॅट वाचले, तर एका सर्व्हरमागे वर्षाला सुमारे १७५ युनिट आणि ५०० सर्व्हरमागे सुमारे ८७,६०० युनिट वाचतात. तेवढी उष्णता कमी झाल्याने वातानुकूलनाची वीज वाचते, ती वेगळीच.