तांबड्या रेघेवर सगळा भरवसा नको



पेरणीआधी बी निवडायला बसलो की आपण आधी चाळण लावतो. माती आणि काडीकचरा निघून जातो. पण किडका दाणा मापाने चांगल्या दाण्याएवढाच असतो, तो चाळणीला कळत नाही. तो सुपात घेऊन हातानेच वेचावा लागतो. आजची गोष्ट बियाण्याची नाही, पुस्तकाची आहे. पण चाळण आणि सूप तिच्यातही लागतात.

आमच्या एका चुलत्यांची नजर काचबिंदूने गेली. जन्मभर वाचनाचा नाद, आणि आता पुस्तक हातात घेऊन नुसते कुरवाळायचे. त्यांची नात कॉलेजात शिकते. तिने शेतीचे एक जुने पुस्तक घेतले आणि पानापानाचे फोटो मोबाईलवर काढले. फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय आता संगणकात असते, तिला ओसीआर म्हणतात. मजकूर तयार झाला की स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम तो मोठ्याने वाचून दाखवतो. नुसता फोटो त्याला वाचता येत नाही, म्हणून ही खटपट.

आबा बाजेवर बसून ऐकत होते. बियाण्याला चोळायच्या औषधाचे प्रमाण आले : किलोला २५ ग्रॅम. आबा एकदम म्हणाले, “अगं थांब पोरी, पुस्तक काढून बघ. एवढं औषध कोण चोळतंय?” तिने पाहिले तर छापलेले होते २.५ ग्रॅम. मधले टिंब यंत्राने गाळले होते! आबांनी पन्नास वर्षे पेरण्या केल्या म्हणून चूक कानाला लागली. नवख्याने ऐकले असते तर दहापट औषध चोळून मोकळा झाला असता.

पोरगी रडवेली झाली. म्हणाली, “आबा, मी शुद्धलेखन तपासून घेतलं होतं. एकही तांबडी रेघ उरली नव्हती.”

मंडळी, इथेच खरी मेख आहे. शुद्धलेखन तपासनीस म्हणजे शब्दांची एक मोठी यादी. मजकुरातला शब्द यादीत नसला की त्याच्याखाली तांबडी रेघ येते. ‘बांध’चे ‘बांघ’ झाले तर रेघ येईल, कारण ‘बांघ’ असा शब्दच नाही. पण ‘घर’चे ‘धर’ झाले, ‘भात’चे ‘मात’ झाले, तर तो गप्प बसेल; ते शब्दही मराठीच! आणि आकड्यांचे तर त्याला काहीच सोयरसुतक नाही. १ चा ९ झाला काय, टिंब गळाले काय, सारखेच.

उलट बाजूही आहे. आपल्या भाषेत एकाच शब्दाला प्रत्यय लागून लागून त्याची कितीतरी रूपे होतात. ‘शेतातल्यांनासुद्धा’ हा शब्द बरोबर आहे, पण यादीत नसेल तर त्याच्याखालीही रेघ येते. पाभर, शिवळ असे आपले शब्द, गावांची नावे, यांचीही तीच गत. म्हणून रेघ दिसली की लगेच शब्द बदलू नका. आधी छापील पान बघा.

हे काम करायचे झाले तर असा क्रम ठेवा :

पहिल्यांदा पाने मोजा. फोटो काढताना दोन पाने चिकटून राहतात आणि मधला मजकूर जातो. प्रत्येक पानावरचे पुस्तकाचे नाव आणि पानाचा आकडा काढून टाका, नाहीतर ऐन वाक्यात स्क्रीन रीडर तेही वाचत बसतो. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडा.

मग तपासनीस लावा. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्यांवर नजर ठेवा. यंत्र इथे फार फसते. चूक सापडली तरी ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबू नका. ‘धर’चे ‘घर’ करायला गेलात तर ‘धरण’चे ‘घरण’ आणि ‘धरती’ची ‘घरती’ होऊन बसते.

जुन्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसतील. १९६२ च्या नियमांनी ते गेले, पण लेखकाने लिहिले तेव्हा ते शुद्धच होते. ते तसेच राहू द्या. आपण यंत्राच्या चुका काढायला बसलो आहोत, लेखकाच्या नव्हे.

शेवटी सूप. एकाने मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवून ताडावे. आकडे, मापे आणि तारखा दोनदा ताडाव्यात. दुसरा माणूस नसेल तर स्क्रीन रीडरलाच वाचायला लावा आणि बोट तुम्ही ठेवा.

कोणी विचारील, हे कायद्याला चालते का? चालते. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी, नफा न कमावता, अशी प्रत करता येते. मात्र तीच प्रत गावभर मोबाईलवर वाटणे किंवा विकणे यात बसत नाही. अंधांना पुस्तके मिळावीत म्हणून २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरी देशोदेशींचा करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत होता. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे अशा वाचकांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालयही आपल्याकडे सुरू झाले. एखादे पुस्तक हाती घेण्याआधी ते तिथे तयार आहे का, एवढे बघून घ्या; श्रम वाचतील.

नजर अधू झालेले एखादे माणूस तुमच्याही आळीत असेल. सुट्टीत घरी आलेल्या लेकरांना हे काम सांगा. रोज दोन पाने झाली तरी पुष्कळ.

आमच्या पुतणीने ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून ताडले. आता रोज संध्याकाळी आबा ऐकतात, आणि ती शेजारी छापील पुस्तक उघडून बसते. अजून एखादी चूक सापडतेच. सापडली की आबाच आधी हसतात.