चांदीच्या पायरीवरून सोन्याच्या पायरीकडे

माणसाला पायरी दाखविली की तो चढू लागतो. वर काय आहे हे विचारण्याचे भान त्याला बहुधा निम्मा जिना चढून दम लागल्यावर येते. हे लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या एका स्नेह्यांच्या विचारणेचे. मूळचे फोंडा तालुक्यातील हे अभियंते गेली कित्येक वर्षे बडोद्यालगतच्या छाणी येथे घर करून आहेत. कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगर आणि भोवतालचे रासायनिक कारखाने यांमुळे छाणी-बाजव्याचा हा पट्टा नाना प्रांतांतील तंत्रज्ञांचे दुसरे घर झालेला आहे. अशा गृहस्थाला आज मुंबई तर उद्या दिल्ली हे चुकत नाही. वर्षभर असे हिंडून त्यांनी एका विमान कंपनीच्या नित्य प्रवाशांच्या योजनेत चांदीची पायरी गाठली. सोन्याच्या पायरीला चार उड्डाणे कमी पडतात आणि मुदत संपायला पाच आठवडे उरले आहेत. दोन रविवारी दिल्लीस जाऊन नुसते परत यावे, पंचवीस हजार रुपये खर्च होतील. ते करावेत की करू नयेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

काम नसताना केवळ गुणांसाठी विमानात बसावे, हे ज्यांनी जन्मात दोनदाच विमान पाहिले त्यांना हास्यास्पद वाटेल. तथापि हा विचार करणारे आमचे स्नेही एकटे नाहीत, आणि ते मूर्ख तर नाहीतच. सुज्ञ माणसाला हा मोह पडतो याचा अर्थ तो मोह हुशारीने रचलेला आहे. म्हणून त्याची रचना प्रथम पाहिली पाहिजे.

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी बंधने उठली आणि भाड्यांची चढाओढ सुरू झाली. ग्राहक स्वस्त भाड्यामागे धावू लागला, तेव्हा त्याला बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये मैल मोजून बक्षीस देणारी योजना काढली. युनायटेडने काही दिवसांतच तिचे अनुकरण केले, आणि पुढे जगभर हीच रीत झाली. या योजनांत दोन खाती असतात आणि त्यांची गल्लत पुष्कळांकडून होते. एका खात्यातील गुण देऊन तिकीट घेता येते. दुसऱ्या खात्यातील गुण केवळ पायरी ठरवितात. ते खर्चता येत नाहीत आणि वर्षाअखेर पुसले जातात. आमच्या स्नेह्यांना ओढ लागली आहे ती या दुसऱ्या खात्याची.

पायरीचा उपयोग काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. उड्डाण रद्द झाले, रात्रीचे अकरा वाजले आणि खिडकीपुढे दीडशे माणसे उभी राहिली, म्हणजे वरच्या पायरीवरील प्रवाशाला वेगळा दूरध्वनी आणि वेगळी रांग मिळते. हा लाभ खरा आहे. गुडघ्याचे दुखणे असलेल्याला पाय पसरण्याची जागा, आखातातून घरी येणाऱ्याला जादा सामानाची सवलत, हेही खरे. मात्र विमानात आधी चढण्याचा मान हा निव्वळ देखावा होय, कारण आधी चढलेला आणि शेवटी चढलेला एकाच क्षणी उडतात.

आता हिशेब पाहू. आम्ही आमच्या स्नेह्यांना एकच गोष्ट करावयास सांगितली: ही पायरी जगात नाहीच असे समजा, आणि तिचा प्रत्येक लाभ रोख पैशाने विकत घ्यावयाचा झाल्यास खिशातून किती द्याल ते लिहा. त्यांचे दिल्लीचे काम या वर्षी संपले. पुढील वर्षी फार तर चौदा उड्डाणे होतील. विश्रांतिकक्षातील चहा-नाश्त्याला त्यांनी दर वेळी ४०० रुपये धरले, ऐसपैस आसनाला ३००. जादा सामानापुढे शून्य लिहिले, कारण ते एका बॅगेनिशी हिंडतात. बेरीज ९,८०० रुपये झाली. त्यातील बराचसा लाभ चांदीच्या पायरीवर त्यांना आताच मिळतो, हे सोडून दिले तरी पंचवीस हजार देऊन दहा हजारांचा माल घेण्याचा हा व्यवहार आहे. आणि दोन रविवार वेगळेच. मुलगी दहावीला आहे, वडील ऐंशीच्या घरात आहेत, आणि आठवड्यातून हा गृहस्थ घरी सापडतो तो बहुधा रविवारीच.

या हिशेबातच प्रश्नाचे मर्म आहे. पायरी मिळते ती गेल्या वर्षीच्या प्रवासावर आणि उपयोगी पडते ती पुढच्या वर्षीच्या प्रवासात. पुढच्या वर्षीही ज्याला तितकेच हिंडावयाचे आहे, त्याच्याकडे ती बहुधा न बोलावता चालत येते. ज्याला तिच्यासाठी मुद्दाम धावावे लागते, त्याला तिचा उपयोग करण्याइतका प्रवासच नसतो. अपवाद इतकाच की पुढील महिन्यात नाहीतरी जावयाचेच असेल, तर ते काम दोन आठवडे अलीकडे ओढावे. त्यात गैर काही नाही.

दुसरा खर्च पावतीवर दिसत नाही. पायरीच्या नादी लागलेला प्रवासी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट सोडून ‘आपल्या’ कंपनीचे महाग तिकीट घेतो. घराजवळचा हरणीचा विमानतळ सोडून, शंभराहून अधिक किलोमीटर मोटार हाकीत अहमदाबादेस जातो. सप्टेंबर २०२२ पासून गांधीनगर-मुंबई वंदे भारत गाडी बडोद्यास थांबते. पण गाडीत गुण मिळत नाहीत म्हणून तिचा विचारही त्याच्या मनात येत नाही. तिकीट मालकाच्या पैशाचे आणि गुण नोकराच्या नावाचे असले, म्हणजे तर विवेकाचीच परीक्षा असते. केंद्र सरकारने आपल्या नोकरांपुरता हा प्रश्न निकालात काढला आहे: सरकारी खर्चाच्या प्रवासातील गुण सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, असा दंडक आहे. खाजगी कंपन्यांनी तो उचलावयास हरकत नाही.

शिवाय या जिन्याचा मालक दुसराच आहे आणि पायऱ्यांची उंची तो स्वेच्छेने बदलतो. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली मैल मोजण्याचे सोडून प्रवाशाने मोजलेले डॉलर मोजावयास प्रारंभ केला. एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून सोन्याच्या पायरीची किंमत वर्षाला २०,००० पौंडांच्या खर्चाएवढी केली. स्वस्त तिकिटे हुडकून वर चढणारे एका रात्रीत खाली आले. कधी जिनाच नाहीसा होतो. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. कंपन्यांना मात्र या योजना सोन्याची खाण ठरतात, कारण गुण बँकांना घाऊक विकले जातात. महामारीच्या २०२० सालात विमाने जमिनीवर उभी असता युनायटेडने आपल्या योजनेच्या तारणावर ६.८ अब्ज डॉलर आणि डेल्टाने ९ अब्ज डॉलर उभे केले. प्रवाशाच्या निष्ठेवर सावकार एवढे कर्ज देतो, यावरून त्या निष्ठेची खरी किंमत कोणाच्या पदरात पडते हे उघड आहे.

बडोद्याच्या परिसरात राहणाऱ्याला हे सांगावे लागू नये, कारण त्या नगरीने पायऱ्यांचा याहून मोठा खेळ पाहिला आहे. इंग्रज सरकारने संस्थानिकांसाठी सलामीच्या तोफांचा जिना बांधला होता. ९, ११, १३ असे चढत तो २१ पर्यंत जाई. सरकारला खर्च दारूचा, पण दोन तोफा वाढवून मिळाव्यात म्हणून राजे लोक वर्षानुवर्षे अर्ज आणि आर्जवे करीत. गायकवाड सर्वांत वरच्या, २१ तोफांच्या पायरीवर होते. तरीही १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांच्या मुजऱ्याची रीत साहेबाला खटकली आणि केवढे काहूर उठले. मान देणारा तो परतही मागू शकतो, हा त्याचा अर्थ. पुढे १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. आज महाराजांच्या तोफा किती, हे बडोद्यात कोणी विचारीत नाही. त्यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे केलेले प्राथमिक शिक्षण आणि गावोगाव उघडलेली ग्रंथालये लोकांच्या स्मरणात आहेत. महाराजही प्रवास अमाप करीत. पण त्याच १९०६ साली अमेरिका पाहून आल्यावर त्यांनी पुढे तेथून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणविला आणि त्याच्याकडून ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. प्रवासाचे मोल परत येताना काय आणले यावर ठरते. किती वेळा गेलो यावर नव्हे.

तेव्हा आमचे उत्तर स्पष्ट आहे. कामाच्या ओघात पायरी मिळाली तर अवश्य घ्यावी, विश्रांतिकक्षातील चहा प्यावा, जमल्यास साखर थोडी कमी घालावी. पण तिच्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये आणि एकही रविवार देऊ नये. विमान रिकाम्या हेतूने उडाले तरी इंधन खरेच जळते आणि वेळही खराच जातो. आमच्या स्नेह्यांनी ते दोन रविवार छाणीतच काढावेत. मुलीच्या गणिताकडे पाहावे, वडिलांशी चार शब्द बोलावेत. पुढील वर्षी रांगेत दहा मिनिटे अधिक उभे राहावे लागेल. तो तोटा सोसण्याजोगा आहे. गेलेला रविवार मात्र कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही खात्यात पुन्हा जमा होत नाही.