लिफ्टच्या आधी शिक्षक

ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर बसविलेली, लांब दांड्याच्या टोकाशी असलेल्या पाळण्यातून माणसाला झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचविणारी हायड्रॉलिक लिफ्ट हे बागायतदारास मोहविणारे यंत्र होय. कोकणातील जुनी हापूसची झाडे उंच. फांदीवर चढून झेल्याने फळ उतरविणे कष्टाचे व जोखमीचे. यंत्राचे स्वागत व्हावे हे योग्यच. परंतु यंत्राच्या आधी ते शिकविणारा माणूस तयार झाला पाहिजे. मळणीयंत्राच्या बाबतीत क्रम उलटा झाला. यंत्रे आधी पसरली, कित्येक मजुरांचे हात गेले, आणि मग १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा आला.

विक्रेत्याच्या मेकॅनिकने अर्धा दिवस दांडे हलवून दाखविले आणि हजेरीपटावर सह्या झाल्या, म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. निष्णात चालक हा आपोआप चांगला शिक्षक होत नाही. त्याचा हात बसलेला असतो. आपण काय काय सांभाळतो हे त्याला सांगता येत नाही.

सुरक्षा-पट्ट्याचा दोरच घ्या. तो पाळण्यातील ठरलेल्या कडीलाच अडकविला पाहिजे, फांदीला कदापि नव्हे. झाडावर चढणाऱ्यास फांदीचा आधार घेण्याची जन्माची सवय, म्हणून नेमकी हीच चूक घडते. पाळणा हलला की फांदीला बांधलेला माणूस बाहेर ओढला जातो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत शेजारच्या खांबाला दोर बांधण्यास स्पष्ट मनाई आहे, ती याच कारणाने. दोर आखूडही हवा, कारण खाली चाकाला बसलेला लहानसा हिसका दांड्याच्या टोकाशी मोठा होऊन माणसाला उडवून देतो. कारण न सांगता नुसता हुकूम दिला, तर शिक्षकाची पाठ वळताच दोर सुटतो.

जॅकखाली फळी हवी. कातळावर पसरलेली भरावाची माती वरून घट्ट दिसली तरी दबते. वर जाताना रिकामा असलेला क्रेट खाली येताना भरलेला असतो, हे वजन धरताना विसरू नये. रबरी चाकांमुळे वीज लागत नाही हा समज तर प्राणघातक आहे. तारेजवळच्या झाडासाठी आधी वीजपुरवठा बंद करवून घ्यावा.

रत्नागिरी, देवगडच्या बागांत पुष्कळ मजूर नेपाळी असतात. मराठी व्याख्यान त्यांच्या काय उपयोगाचे? तेथे हातांच्या खुणा ठरवून, प्रत्यक्ष करवून घेऊनच शिकविले पाहिजे.

म्हणून शिक्षकाची परीक्षा लेखी नसावी. जमिनीवर उभ्या यंत्रात मुद्दाम दोष ठेवावेत: एक जॅक फळीविना, एक दोर सुटा. शिकाऊ माणसाकडून तो ते शोधवून घेतो की स्वतःच सांगून टाकतो, हे पाहावे. पाळण्यातला माणूस बेशुद्ध पडल्यास खालच्या माणसाला पाळणा उतरविता येतो काय, हेही करून घ्यावे. वर जाणारा एकटाच जाणकार असणे ही मोठीच आपत्ती होय.

मार्चनंतर बागेत कोणालाच सवड नसते. शिक्षकांचे वर्ग दिवाळी होताच भरवावेत, आणि ज्या बागेत लिफ्ट चालणार आहे त्याच उताराच्या जमिनीवर भरवावेत.