७७७ हा इलाज नव्हे: स्मार्टीच्या इन्स्टॉलेशनमधील एका समजुतीचे खंडन

स्मार्टी हे पीएचपीमधील जुने आणि अजूनही वापरात असलेले टेम्प्लेट इंजिन. माँटी ओर्ट आणि आंद्रेई झ्मिएव्हस्की यांनी ते घडवले. सर्व्हरवर ते बसवताना सुरुवातीलाच एक अडचण हमखास येते: पान कोरे दिसते, नाहीतर ‘टेम्प्लेट्स_सी’ या डिरेक्टरीत फाइल लिहिता येत नाही अशी एरर येते. त्यावर एक इलाज तोंडोतोंडी पसरला आहे. डिरेक्टरीला सीएचमॉडने ७७७ परवानगी द्यायची की झाले. हा इलाज धोक्याचा आहे, अनेकदा निरुपयोगी आहे आणि त्याने निदानाची वाटच बंद होते.

आधी यंत्रणा पाहू. साच्याची, म्हणजे टेम्प्लेटची, टीपीएल फाइल स्मार्टी दर वेळी नव्याने उलगडत बसत नाही. पहिल्या मागणीला ते साच्याचे पीएचपी फाइलमध्ये रूपांतर करते, ती फाइल टेम्प्लेट्स_सीमध्ये ठेवते आणि पुढे तीच चालवते. एकूण चार डिरेक्टऱ्या लागतात: साच्यांसाठी टेम्प्लेट्स, रूपांतरित फाइलींसाठी टेम्प्लेट्स_सी, सेटिंगसाठी कॉन्फिग्ज आणि तयार पानांसाठी कॅश. यांपैकी टेम्प्लेट्स_सी आणि कॅश या दोनच ठिकाणी वेब सर्व्हरला लिहायचे असते. उरलेल्या दोन नुसत्या वाचायच्या.

७७७ च्या बाजूचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. लिहिता येत नाही ही तक्रार परवानगीची आहे, सगळ्यांना परवानगी दिली की तक्रार मिटते, आणि तिथे पडणाऱ्या फाइली तात्पुरत्या आहेत, पुसल्या तरी पुन्हा तयार होतात. शिवाय शेअर्ड होस्टिंगवर मालकी बदलण्याची सोयच नसते. मग दुसरे करायचे काय, असा हा प्रश्न.

यातले ‘तात्पुरत्या फाइली’ हेच गृहीतक आधी ढासळते. त्या फाइली नुसता मजकूर नसून चालवला जाणारा कोड आहेत. ७७७ मधला शेवटचा सात म्हणजे ‘इतर’ वर्गाला वाचणे, लिहिणे आणि आत शिरणे या तिन्हींची मुभा. त्या वाटेत आणखी आडकाठी नसेल, तर सर्व्हरवरचे कोणतेही खाते किंवा तिथल्या दुसऱ्या संकेतस्थळाचा फुटलेला प्रोग्राम या डिरेक्टरीतली फाइल बदलू शकतो. पुढच्या मागणीला तो बदललेला कोड वेब सर्व्हरच्या अधिकाराने चालतो. हीच डिरेक्टरी वेब रूटच्या आत असेल तर तिथे टाकलेली पीएचपी फाइल थेट पत्ता टाकूनही चालवता येते.

दुसरे, ७७७ देऊनही काम होईलच असे नाही. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर एसईलिनक्स चालू असते. तिथे परवानगीच्या आकड्यांखेरीज प्रत्येक फाइलवर एक लेबल असते. लेबल नुसते वाचण्याचे असेल तर आकडा ७७७ असूनही अपाचेला लिहिता येत नाही. त्या डिरेक्टरीला लिहिण्याचे लेबल सेमॅनेज या कमांडने नोंदवून रिस्टोअरकॉन या कमांडने लावावे लागते. हे ठाऊक नसलेला माणूस मग एसईलिनक्सच बंद करून टाकतो. एका डिरेक्टरीच्या दुखण्यापायी सगळ्या सर्व्हरचे कवच काढले जाते.

ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनची गोष्टही अशीच. रात्रीचा एखादा कार्यक्रम रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याच साच्यांतून ईमेल तयार करतो. टेम्प्लेट्स_सीमध्ये उपडिरेक्टऱ्या करण्याची सोय चालू असेल तर त्या रूटच्या मालकीच्या होतात. वरच्या डिरेक्टरीला ७७७ दिले तरी आतल्यांना त्याचा स्पर्श होत नाही. सकाळी काही पाने उघडतात, काही उघडत नाहीत, आणि दोष स्मार्टीच्या माथी मारला जातो.

तिसरे, कोऱ्या पानाचे कारण दर वेळी परवानगी नसतेच. एरर पडद्यावर दाखवणे बंद असले की पीएचपीची कोणतीही घातक एरर कोरे पान होऊन दिसू शकते. स्मार्टी ५ मध्ये मुख्य क्लास नेमस्पेसमध्ये गेला आहे, त्यामुळे जुना ‘न्यू स्मार्टी’ लिहिलेला कोड क्लास सापडत नाही म्हणून कोसळतो. साच्यांचा मार्ग सापेक्ष दिलेला असेल तर ब्राउझरमधून चालणारे पान कमांड लाइनवरून चालत नाही, कारण सुरुवातीची डिरेक्टरी बदललेली असते. अशा वेळी परवानग्या बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

योग्य पद्धत मालकीपासून सुरू होते. पीएचपी कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालते हे आधी शोधावे. डेबियन आणि उबुंटूवर तो सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो, रेड हॅटवर अपाचे. टेम्प्लेट्स_सी आणि कॅश यांची मालकी त्याला देऊन परवानगी ७७० ठेवावी. स्मार्टीच्या जुन्या मार्गदर्शिकेनेही ७७० च सांगितले आहे आणि इतरांना वाचू द्यायचे असेल तर ७७५. चारही डिरेक्टऱ्या वेब रूटच्या बाहेर ठेवाव्यात. त्या आत राहिल्या आणि वेगळी मनाई केलेली नसली, तर टीपीएल फाइलचा पत्ता टाकणाऱ्याला सर्व्हर ती आहे तशी पाठवतो. एरवी पानावर कधीच न येणाऱ्या साच्यातल्या टिपाही त्याला वाचायला मिळतात. मार्ग नेहमी पूर्ण द्यावेत आणि क्रॉनची कामे वेब सर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवावीत.

शेअर्ड होस्टिंगच्या आक्षेपाचे उत्तर याच तत्त्वात आहे. अशा ठिकाणी पीएचपी बहुतेक वेळा खातेदाराच्याच नावाने चालते, म्हणजे लिहिणारा आणि मालक एकच असतो. तिथे ७५५ पुरते. सगळ्यांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीतला प्रोग्राम सूएक्झेकसारखी व्यवस्था चालवायलाच नकार देते, तेव्हा ७७७ मुळे उलट नवी एरर ओढवू शकते.

निदानासाठी पहिला थांबा एरर लॉग. दुसरा स्मार्टीचीच टेस्टइन्स्टॉल ही सोय: कोणती डिरेक्टरी सापडत नाही, कोणतीत लिहिता येत नाही, हे ती एकेक करून सांगते. ती ब्राउझरमधून चालवावी. कमांड लाइनवर वापरकर्ता वेगळा असतो आणि तपासणी भलत्याचीच होते. ती सर्व्हरवरचे पूर्ण मार्ग छापत असल्याने काम झाले की काढून टाकावी.

७७७ ची एक धाकटी बहीणही आहे. साच्यातला बदल पानावर दिसत नाही म्हणून ‘फोर्स कंपाइल’ कायमचे चालू ठेवले जाते. त्याने प्रत्येक मागणीला रूपांतर नव्याने होते आणि इंजिनाचा मुख्य फायदाच जातो. मुळात बदललेला साचा ओळखण्याची तपासणी चालूच असते. तरी जुने पान दिसत असेल तर कॅश पाहावी. कॅशिंग चालू केल्यावर पान ठरल्याप्रमाणे ३६०० सेकंद, म्हणजे तासभर, तेच राहते. कॅश पुसणे आणि रूपांतरित फाइली पुसणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

मराठी पानांसाठी एमबीस्ट्रिंग हे एक्स्टेन्शनही पाहावे. डेबियनवर ते वेगळे बसवावे लागते. जुन्या आवृत्त्यांत ते नसेल तर मजकूर आखूड करणारा ट्रंकेट बाइट मोजून कापतो, आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. एमबीस्ट्रिंग असले तरी कोडपॉइंट मोजले जातात, त्यामुळे अक्षरापासून मात्रा तुटू शकते.

शेवटी एस्केपिंग. एचटीएमएल आपोआप निष्प्रभ करण्याचे सेटिंग स्मार्टीत मुळात बंद असते. ते सुरू करावे, नाहीतर वाचकाने भरलेला मजकूर जसाच्या तसा पानावर जातो. दोनच डिरेक्टऱ्यांत लिहिता येते, लिहिणारा एकच ठरलेला आहे, साचे पत्ता टाकून उघडत नाहीत आणि एरर लॉगमध्ये स्मार्टीची नवी तक्रार नाही, एवढे जमले की इन्स्टॉलेशन पूर्ण झाले असे समजावे.