मार्कांचा काटा कुणाच्या हातात?



‘मेरिट’ हा शब्द आपल्या तोंडावर थुंकल्यासारखा फेकतात. म्हणून आधी मेरिट मोजणारा काटाच तपासू.

दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के. २०१९ साली ७७.१० टक्के. एका वर्षात पोरांची अक्कल आटली काय? नाही. नवा अभ्यासक्रम आला, आणि भाषा-सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे २० मार्क काढून घेतले. ओरड झाली, मार्क परत दिले. २०२० साली निकाल ९५.३० टक्के. २०२१ साली कोरोनामुळं परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के! वस्त्या त्याच, शाळांची गळकी छपरं तीच. हलला तो काटा. गिरणीत काटा असा हलला तर आम्ही काटा दुरुस्त करतो, सुताला शिव्या घालत नाही.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ मार्क. संस्कृत शिकायचं होतं, अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. अभ्यास परळच्या चाळीतल्या एका खोलीत. आजच्या मेरिटवाल्यांनी त्या २८२ वर त्यांना ‘ढ’ ठरवून दारातूनच हाकललं असतं. पुढं कोलंबियात आणि लंडनमध्ये काय घडलं ते जगाला ठाऊक आहे. बाबासाहेब त्या आकड्यात मावले नाहीत, आपली पोरं कशी मावतील?

मग फुकटचे मार्क घेऊन गप्प बसायचं? तेही नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सांगितलं, आठवीपर्यंत नापास करू नका. त्याच कायद्यानं असंही सांगितलं, की सतत मूल्यमापन करा, मागं पडलेल्याला जादा शिकवा. पोरं वर ढकलणं सोपं, ते केलं. शिकवणं राहिलं. २०१९ ला कायदा बदलला. २०२३ ला महाराष्ट्रानं नियम बदलून पाचवी-आठवीत नापासाचा शिक्का परत आणला. फेरपरीक्षेची एक संधी, मग त्याच वर्गात बस. शिकवलं नाही व्यवस्थेनं, वर्ष गेलं पोराचं! आणि वर्ष गेलेलं आपलं पोर शाळेच्या दाराऐवजी वीटभट्टीची वाट धरतं.

वर ढकलून फसवतात, खाली पाडून मारतात. दोन्हीकडं मोजलं जातं ते पोर. शाळेला कुणी मोजत नाही.

तर आपण मोजू. वस्तीतल्या शाळेत जा. विचारा: शिक्षक किती? शिकवलं किती दिवस? जादा तास किती घेतले? उत्तर लेखी घ्या, चावडीवर लावा.

पोराच्या प्रगतिपुस्तकावर बापानं अंगठा उठवण्याआधी शाळेचं प्रगतिपुस्तक मागा.

जयभीम!