उभे, उलटे, आडवे

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यातली कितीतरी घरे मोटारींच्या सुट्या भागांवर चालतात. इथल्या आयटीआयच्या मुलांना पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह तोंडपाठ असतात. पण इंजिन असेच का, हे त्यांना कोणी विचारत नाही. समोर येणारी बहुतेक इंजिने एकाच घडणीची. मग प्रश्न पडणार कुठून?

तो पाडणारी इंजिने आपल्याच विमानांत होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पुस मॉथ विमानाचे जिप्सी थ्री इंजिन चक्क उलटे होते. क्रँकशाफ्ट वर, चारही सिलिंडर एकामागे एक खाली. आधीच्या जिप्सी मॉथमध्ये ते उभे असत आणि वैमानिकाच्या नजरेच्या आड येत. इंजिन उलटवल्यावर पंखा जमिनीपासून उंच राहिला, समोरचेही दिसू लागले. मात्र विमान उभे असताना तेल झिरपून सिलिंडरच्या तळाशी साचू लागले. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहणे आले. मागच्या सिलिंडरपर्यंत वारा पोचावा म्हणून पत्र्याचे आडोसे आले.

१९५८ साली उडालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या पुष्पकात अमेरिकी काँटिनेंटल इंजिन बसले, तेही आडवे. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. चौघांनाही वारा जवळपास सारखा, आणि समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा हिसका बराचसा जिरवणारे. तसेच उलटे इंजिन असलेल्या टायगर मॉथ विमानाचे जिप्सी मेजर सहा लिटरांहून मोठे, १३० अश्वशक्तीचे. पुष्पकचे सव्वातीन लिटरांचे, पण शक्ती ९०! दोन्हींचे पंखे फिरतातही उलट दिशांना. त्यामुळे धावपट्टीवर टायगर मॉथला डावा पाय दाबावा लागे, पुष्पकला उजवा.

अशी विमाने चौकात खांबावर चढवली की इंजिन कुणाच्याच दृष्टीस पडत नाही. फ्लाइंग क्लबांनी उड्डाणातून बाद झालेली जुनी इंजिने भंगारात घालू नयेत. बाजू कापून, आतले दिसेल अशी, या पट्ट्यातल्या आयटीआयना द्यावीत. मोठ्या कारखान्यांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्चावाच लागतो. वाहतुकीचा आणि लोखंडी घोडीचा खर्च त्यातून करावा. आणि ती काचेच्या कपाटात ठेवू नयेत. उलट्या इंजिनात तेल नेमके कुठे साचते, हे मुलांनी पाना हातात घेऊन शोधले पाहिजे.